चंदाक्काचं खरं

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून औषधाचं कूळ विचारणारी एकच बाई होती, ती म्हणजे चंदाक्का. मी लग्न होऊन नुकतीच या गावात आले होते आणि दुकानात बसायला लागून मला आठवडाही झाला नव्हता. तिनं डॉक्टरांची चिठ्ठी पुढं केली, मी कॅप्सूलची पट्टी काढून दिली. ती पट्टी तिनं उजेडात धरली आणि म्हणाली, "ह्या गोळीचं वरचं टरफल कशाचं असतंय?"

मला उत्तर ठाऊक होतं. मलकापूरला डी.फार्म. करताना हा प्रश्न दोनदा परीक्षेत आला होता. जनावरांच्या हाडाकातड्यापासून काढलेलं जिलेटिन. पण गिऱ्हाइकाला असलं काही सांगायचं नसतं, एवढी अक्कल मला होती. मी म्हटलं, "असतं काहीतरी प्लास्टिकसारखं. पोटात विरघळतं."

"काहीतरी म्हंजे काय?"

एवढंच विचारून ती गप्प उभी राहिली. मागं चार माणसं खोळंबली होती, पण तिला घाई नव्हती. शेवटी मी खरं काय ते सांगून टाकलं. ती रागावली नाही. पट्टी दोन बोटांनी धरून काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "साधी गोळी आसंल तर ती दे. न्हाईतर ऱ्हाऊ दे. पर खरं सांगितलंस, बरं झालं." मी डॉक्टरांना फोन करून औषध बदलून घेतलं. त्या दिवसापासून गावातल्या सगळ्या जैन बायका कॅप्सूल हातात घेतली की माझ्याकडं बघायच्या, आणि आमचे हे म्हणायचे, "एका दिवसात धंद्याचं वाटोळं केलंस."

तिचं खरं नाव चंद्रमती. कृष्णाकाठचं हे आमचं गाव, निम्मं जैन शेतकऱ्यांचं. सांगलीला जायला तासही लागत नाही. चंदाक्काच्या घरचा ऊस होता, थोडी हळद होती, नवरा होता ज्याला सगळे अण्णा म्हणत, आणि शीतल नावाचा मुलगा. शीतल हे मुलाचं नाव ऐकून आमच्या फलटणकडची माणसं हसतात, इथं दर चार घरांत एक शीतल आहे. अक्का उंच, सडपातळ, डोक्यावरचा पदर कधी न ढळणारी. चालायची अशी की पायाखाली मुंगी येईल म्हणून नजर कायम जमिनीवर. पण बोलताना मात्र माणसाच्या डोळ्यांत बघायची. त्याचाच त्रास व्हायचा सगळ्यांना.

ती दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा घ्यायची नाही. पट्टीवर मी 'सकाळी एक, रात्री एक' असं लिहून दिलं की ती परत द्यायची. "रात्री आमी न्हाई खात. दुसरं काय ते सांग." मग मी 'सकाळी एक, दिवस असताना एक' असं लिहायला लागले. माझ्या सासरी रात्री दहाला ताटं वाढली जातात. मी तिला एकदा म्हटलं, "अक्का, तुमचं रात्रीचं जेवण म्हणजे आमचा दुपारचा चहा." त्यावर ती म्हणाली, "म्हणून तर तुमच्या दुकानात ॲसिडिटीच्या गोळ्या खपत्यात." थट्टा तिला यायची. खोटं तेवढं यायचं नाही.

खोटं न बोलणारी माणसं मी आणखीही पाहिलीत, पण ती बहुतेक स्वतःच्या सोयीची असतात. अक्काचं खरं तिच्या स्वतःच्याच अंगाशी यायचं. अण्णांचा आणि त्यांच्या चुलतभावाचा बांधावरून वाद होता. सरकारी मोजणी आली. हद्दीचा दगड मूळचा इथंच होता का, असं मोजणीवाल्यानं विचारलं, आणि अण्णांसकट घरच्या सगळ्या गड्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात अक्का चहाची किटली घेऊन आली. मोजणीवाल्यानं नुसतं बोलायचं म्हणून विचारलं, "काय काकू, बरोबर आहे ना?" अक्का म्हणाली, "न्हाई. दगुड त्या लिंबाखाली हुता. आमच्या अण्णांनी हलीवला." आणि कपात चहा ओतायला लागली. उसाच्या चार सऱ्या गेल्या. अण्णा दिवाळीपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. मी तिला म्हटलं, "अक्का, गप्प बसायचं होतं की." ती म्हणाली, "बसले हुते की गप. त्येनं इचारलं. मला कुणी इचारलं न्हाई तर मी कशाला बोलते? पर इचारल्यावर मग काय करू?"

ते तिचं गणित होतं. न विचारलेलं पोटात ठेवायला तिला काही वाटायचं नाही, पण विचारलेल्याचं उत्तर ती खोटं देऊ शकत नव्हती. मला हे तिच्या तोंडून ऐकायला मिळालं होतं, आणि तरीसुद्धा पुढं मी जे केलं ते केलं.

आता गोळ्यांचं सांगते. बायकांची पाळी पुढं ढकलायची गोळी असते, ती आमच्याकडं आणि कुठल्याही गावच्या मेडिकलमध्ये फुटाण्यासारखी जाते. गौरी-गणपतीच्या आधी, लग्नाच्या आधी, सत्यनारायणाच्या आधी. जात-धर्म काही नाही, सगळ्या येतात. आमचे हे काउंटरवर असले की बाहेर घुटमळतात, ते आत गेले की पुढं येतात आणि म्हणतात, "वैनी, त्या द्या की." नाव घेत नाहीत. चिठ्ठी कुणी आणत नाही आणि मी मागत नाही. अक्का चाळिशीत होती तेव्हापासून माझ्याकडून त्या न्यायची. पर्युषणाला, पूजेला आणि मुनिमहाराज गावात आले की चौक्याला.

चौका म्हणजे महाराजांसाठी केलेला स्वयंपाक, आणि त्यात अक्काचा हात धरणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. महाराज दिवसातून एकदाच जेवतात, तेही उभ्यानं, हाताच्या ओंजळीत. सकाळी ते रस्त्यानं निघतात तेव्हा दारोदार बायका-पुरुष कलश घेऊन उभे असतात आणि "नमोस्तु, अत्र तिष्ठ" असं म्हणून थांबायची विनंती करतात. कुणाच्या दारी थांबायचं ते महाराजांनी मनाशी ठरवलेलं असतं. अक्का पहाटे उठून विहिरीचं पाणी स्वतः शेंदायची, गाळायची, गाळलेल्या फडक्यातले जीव परत त्याच विहिरीत सोडायची. पीठ त्याच दिवशी दळायची. एकदा तिनं मला उंबऱ्याबाहेरून बघायला बोलावलं होतं. महाराज आत आले, पाटावर उभे राहिले, आणि अक्कानं हात जोडून खणखणीत आवाजात म्हटलं, "मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहार-जल शुद्ध आहे. आहार ग्रहण करावा." हे म्हटल्याशिवाय महाराज घास घेत नाहीत. मन शुद्ध आहे, बोलणं शुद्ध आहे, शरीर शुद्ध आहे, असं त्या घरातल्या माणसानं तोंडानं सांगायचं, आणि महाराजांनी त्या शब्दावर विश्वास ठेवायचा. तपासायला कुणी येत नाही.

त्या दिवशी चौथ्या की पाचव्या घासाला ओंजळीत केस निघाला. बारीक, पांढरा. महाराजांनी ओंजळ सोडली, हात धुतले आणि निघून गेले. त्यांना आता दुसऱ्या दिवशीपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही. अक्काही त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी दुकानावर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. "माझाच केस," म्हणाली. घरात अण्णांचे, शीतलचे, किती जणांचे केस होते, पण तिनं तो बघून ओळखला होता आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं.

बावन्नाव्या वर्षी तिची पाळी गेली. बायका त्या वयात चिडचिड करतात, रडतात. अक्का मला म्हणाली, "सुटले. आता तुज्या गोळ्या नकोत, आन् बाजूला बसाय नको. आता कवाबी चौका लावीन." मी तिला इतकं खुशीत क्वचितच पाहिलं होतं. दुसऱ्याच वर्षी तिनं नेम घेतला की गावात चातुर्मासाला महाराज असतील तर चारी महिने रोज चौका लावायचा.

त्यानंतर दोन वर्षांनी महाराज चातुर्मासाला गावात आले. आषाढातली गोष्ट. दुपारी दुकानात मी एकटीच होते. अक्का आली आणि म्हणाली, "त्या गोळ्या दे."

"कुणाला हव्यात?"

"लागत्यात," ती म्हणाली.

ती माझ्या डोळ्यांत बघत नव्हती. बरण्यांच्या रांगेकडं बघत होती. मला वाटलं, शीतलच्या बायकोसाठी असतील. प्रियांका नवी सून होती, सव्वीस वर्षांची, चार महिने चौका असलेल्या घरात एका बाईनं महिन्यातले चार दिवस बाजूला बसणं म्हणजे सगळ्यांच्या नाकी नऊ. हे सगळं माझं मीच रचलं. मी पट्ट्या काढून दिल्या. 'लागत्यात' हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे मला त्या वेळी लक्षातही आलं नाही. मी पुन्हा विचारलं असतं, तर तिनं खरं सांगितलं असतं. तिला दुसरं काही येतच नव्हतं.

दर पंधरा-वीस दिवसांनी ती यायची. श्रावणात मी म्हटलं, "अक्का, इतक्या सलग बऱ्या नव्हेत. सुनेला म्हणावं, मध्ये जरा थांब." ती म्हणाली, "बघते." भाद्रपदात म्हटलं, डॉक्टरांना एकदा विचारा. तेव्हाही "बघते." नंतर मी तिचे ते सगळे शब्द एकेक करून आठवले. चार महिन्यांत ती एकदाही खोटं बोलली नव्हती.

दिवाळी झाली. महाराज कर्नाटकाच्या बाजूला विहाराला, म्हणजे पायी पुढच्या गावांना, निघून गेले. माघात एके दिवशी प्रियांका दुकानात आली आणि तिनं रक्तवाढीच्या गोळ्या मागितल्या.

"कुणाला?"

"सासूबाईंना. लय थकल्यात. पाळी परत आली न्हवं त्यांची." ती पदर तोंडाला लावून हसत होती. "गल्लीतल्या बायका थट्टा करत्यात, अक्का तरणी झाली म्हणून. कवा चार दिवस बाजूला बसत्यात, कवा बारा दिवस. आता तर खोलीतनं बाहेरच येईनात."

काउंटरखालचा त्या गोळ्यांचा खण मला दिसत होता. मी विचारलं, "तू चौक्याच्या दिवसांत पाळीच्या गोळ्या घेत होतीस?"

"मी? न्हाई वैनी. मला तर त्यांनी मागच्या घरात पाठवलं हुतं बाजूला बसाय. म्हणायच्या, तू लहान हाईस, तुला नकोत असल्या गोळ्या."

दुकान तसंच सोडून मी अक्काच्या घरी गेले. गोठ्याला लागून एक खोली होती, तिथं बाजेवर अक्का बसली होती. वेगळं अंथरूण, वेगळा तांब्या. ओठ पांढरे पडले होते. मला बघून म्हणाली, "जवळ येऊ नगंस, मी बाजूला हाय." मी जाऊन बाजेवर बसले. विचारलं, पहिल्यांदा कधी दिसलं?

या वेळी मी विचारलं होतं, आणि तिनं सगळं सांगितलं. चातुर्मासाच्या आदल्या दिवाळीत दोन थेंब. मग संक्रांतीला. मग अधनंमधनं. तिला वाटलं, पाळी गेलीच नव्हती, थांबली होती, आता परत आली. पाळी आली की बाई अशुद्ध, ती थांबली की शुद्ध, एवढंच तिला ठाऊक होतं. महाराज येणार, नेम घेतलेला. म्हणून गोळ्या. गोळ्या घेतल्यावर थेंबसुद्धा दिसला नाही, त्यामुळं ती रोज सकाळी कायशुद्धी म्हणू शकली. दुखत नव्हतं, म्हणून कुणाला दाखवायचं तिच्या मनातही आलं नाही.

आमच्या काउंटरवर बायका अंगावर जाण्याची शंभर कारणं सांगतात. उष्णता झाली, आंबे जास्त खाल्ले, वाकून खुरपलं, मूल बंद करायच्या ऑपरेशनचं वारं लागलं, कुणाची दृष्ट लागली. मी माना हलवते आणि लोहाच्या गोळ्या देते. अक्काला आम्ही मिरजेला दवाखान्यात नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर गर्भाच्या पिशवीचं चित्र काढून प्रियांकाला आणि मला समजावलं. पिशवीत साधी गाठ असू शकते, आतल्या अस्तराला कोंब असू शकतो, थायरॉईड बिघडलेलं असतं, तांबी बसवलेली असते, रक्त पातळ करायची औषधं चालू असतात, वजन वाढलेलं असतं, चाळिशीनंतर शरीराचंच गणित चुकत असतं. ही कारणं बहुतेक साधी आणि बरी होणारी. "पण पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि मग रक्त दिसलं, एक थेंब जरी, तर ती पाळी नसते," त्या म्हणाल्या. "ती कधीच परत येत नाही. तेव्हा आधी कॅन्सर नाही ना, एवढं बघायचं. लवकर आलं तर पिशवी काढून बाई बरी होते."

हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचलं होतं, आरोग्य खात्याच्या भित्तिपत्रकावर वाचलं होतं. ते भित्तिपत्रक आमच्याच दुकानात फ्रीजच्या बाजूला चिकटवलेलं आहे.

पिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून तपासायला दिला होता, आठ दिवसांनी त्याचा रिपोर्ट आला. पोटाचा आणि छातीचा फोटोही झाला होता. डॉक्टरीणबाई बराच वेळ कागद उलटसुलट करत होत्या. मग त्यांनी अक्काला विचारलं, "या गोळ्यांनी रक्त दबून राहिलं. कुणी दिल्या तुम्हाला?"

मी शेजारच्याच खुर्चीत होते. आतापर्यंत तिला कुणीही काहीही विचारलं तरी उत्तर काय येणार हे मी सांगू शकले असते. अक्का म्हणाली, "मी मागितल्या."

"ते कळलं. पण दिल्या कुणी?"

अक्का गप्प बसली. विचारल्यावर गप्प बसलेली मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मग मीच म्हणाले, "मी दिल्या." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

कॅन्सर पिशवीबाहेर पसरला होता, ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. शेक द्यायचा ठरला, म्हणजे मशिनीखाली झोपवून किरण सोडायचे. प्रियांका तारीख घ्यायला गेली, आणि अक्का आणि मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. मला वाटलं, आता ही विचारणार, किती दिवस राहिलेत. तिनं विचारलं ते वेगळंच.

"मेघा, ती पाळी न्हवती म्हण की."

"नाही अक्का."

"आत जखम हुती. गोळीनं नुसतं भाईर येणं थांबलं. आत ते सडतच हुतं." ती स्वतःच्या हातांकडं बघत होती. "मग मी रोज सकाळी काय म्हणत हुते गं? चार महिने. म्हाराज माज्या शब्दावर जेवत हुते."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"रक्त दिसत हुतं ते म्हाईत हुतं. दिसू ने म्हणून गोळी खात हुते, ते म्हाईत हुतं. मग ते खोटं झालं का न्हाई? तू शिकलेली हाईस, तू सांग."

मी म्हटलं, "खोटं नाही झालं." दुकानात बसून मला खोटं सहज येतं. संपलेलं औषध 'उद्या येतंय' म्हणून मी रोज चार वेळा सांगते. पण त्या बाकावर माझा आवाज मलाच ओळखू येईना. अक्कानं माझ्याकडं बघितलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे. तुला जमत न्हाई," म्हणाली. माझ्या तोंडात मारली असती तरी मला इतकं लागलं नसतं.

शेकानं महिनाभर रक्त कमी झालं आणि मग परत सुरू झालं. घरातल्यांनी, गल्लीतल्यांनी, बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, पंडितांनीसुद्धा तिला समजावलं की आजारपणात दोष नसतो, मनात पाप नव्हतं, तू लावून घेऊ नकोस. ती सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "दोष रोगाचा न्हाई. बोलले त्याचा हाय." त्यांच्यात अशा गोष्टीला वाट आहे. ज्या महाराजांपुढं चूक झाली त्यांच्यापुढं जाऊन ती स्वतःच्या तोंडानं सांगायची, आणि ते देतील ते प्रायश्चित्त घ्यायचं. तिला मरणाचं काही वाटत नव्हतं असं मी म्हणणार नाही, दोन-तीनदा मी तिला रडताना पाहिलंय. पण तिला त्या आधी हे सांगून मोकळं व्हायचं होतं. आणि सांगायला जवळ जायचं, तर अंगावरचं थांबायला हवं. रक्त चालू असताना ती महाराजांच्या आसपासही फिरकली नसती. थांबत तर ते नव्हतं.

मी म्हटलं, "मी जाते. गाडी करून जाते, आणि महाराजांना सगळं सांगते. गोळ्या माझ्या होत्या, तेही सांगते."

"तुझं तू सांग जा. माझं मलाच सांगाय पायजे."

"मग फोनवरून? त्यांच्याबरोबरच्या ब्रह्मचाऱ्यांकडं फोन असतो."

"असलं फोनवर सांगत्यात व्हय?" ती म्हणाली, आणि तो विषय संपला.

ज्येष्ठात कळलं की महाराज परत निघालेत आणि आमच्या गावावरून पुढं जाणार आहेत. मुक्काम नाही, नुसते रस्त्यानं जाणार. प्रियांकाच्या हातून अक्कानं मला बोलावून घेतलं. ती आता खोलीतच असायची, उशाला टेकून. अंगाला कुठं मांस राहिलं नव्हतं, डोळे तेवढे तेच होते. "मेघा, त्या गोळ्या दे," म्हणाली. "आठच दिवस. थांबलं तर जाते आन् खरं काय ते सांगून येते."

मी मिरजेला फोन केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "द्या. आता दिल्या तरी काही बिघडत नाही." फोन ठेवल्यावर मी काउंटरखालचा खण उघडला, पट्ट्या काढल्या, आणि थोडा वेळ तिथंच खाली फरशीवर बसून राहिले. मग उठून नेऊन दिल्या. दिवस असताना दोन, सकाळी एक. तिनं एकही चुकवली नाही. तिसऱ्या दिवशी कमी झाल्यासारखं वाटलं तेव्हा तिनं प्रियांकाकडून केस धुऊन घेतले आणि धुवट लुगडं काढून ठेवायला सांगितलं. पाचव्या दिवशी परत सुरू झालं, आधीपेक्षा जास्त. ती मला म्हणाली, "बाकीच्या ने परत. कुणाच्या उपेगी पडतील." मी नेल्या नाहीत.

महाराज गावावरून गेले त्या दिवशी सकाळी आठालाच ऊन तापलं होतं. शीतलनं आईला खुर्चीत बसवून उचलून आणलं आणि सांगलीच्या रस्त्याकडेला, पण रस्त्यापासून चांगली शंभर पावलं लांब, उसाच्या बांधावर ठेवलं. यापेक्षा जवळ यायला ती तयार नव्हती. प्रियांका आणि मी तिच्या शेजारी उभ्या होतो. रस्त्यावर ही गर्दी. दोन्ही बाजूंना माणसं, मधे महाराज झपझप चालत होते. त्यांची चाल तशीच असते.

अक्कानं हात जोडले. ओठ हलत होते, पण काय म्हणत होती ते मला ऐकू आलं नाही. त्या गर्दीतून तिला कुणी ओळखलं असेल असं मला वाटत नाही. पण बांधावर कुणी आजारी बाई खुर्चीत हात जोडून बसलीय एवढं महाराजांना दिसलं असावं. त्यांचा वेग किंचित कमी झाला. त्यांनी मोरपिसांची पिच्छी उचलली आणि आमच्या दिशेनं धरली. तो आशीर्वाद. रस्त्यावरची माणसं त्यासाठी एकमेकांच्या पायावर पाय देतात.

अक्कानं हात खाली घेतले. मांडीवर ठेवले आणि मान वळवून उसाकडं बघायला लागली. पिच्छी खाली जाईपर्यंत ती तशीच होती. महाराज पुढं गेले, गर्दी पुढं गेली, रस्त्यावर धूळ तेवढी राहिली. शीतलनं खुर्चीची एक बाजू धरली आणि दुसरी धरायला मला खुणावलं. खुर्ची उचलली तेव्हा ती इतकी हलकी होती की मला एका हातानं नेता आली असती.